रस्त्यावरचा माणूस मोजताना

मागच्या वेळी आपण जनगणनेबद्दल बोललो. आज जरा रस्त्यावर येऊ या. रस्त्यानं जाणारी माणसं मोजावीत, हे कुणाला कधी सुचलं? फ्रान्समध्ये 1844 साली राष्ट्रीय रस्त्यांवरच्या वाहतुकीची मोजणी सुरू झाली. तिचं एकक काय होतं? गाडीला जुंपलेलं जनावर! गाडीशेजारून चालणारा मजूर हिशेबात नव्हता. अभियंत्यांना रस्ता किती झिजतो एवढंच पाहायचं होतं, आणि माणसाच्या पायांनी तो फारसा झिजत नाही.

पुढे मोटारी आल्या. रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकल्या. चाक वरून गेलं की हवेच्या दाबानं आकडा पडायचा. पायी चालणारा पुन्हा बाहेरच.

कोपनहेगनमध्ये स्ट्रॉयेट हा भर बाजारातला रस्ता 1962 च्या नोव्हेंबरात मोटारींना बंद झाला. आपण काही इटालियन नव्हे, रस्त्यात रेंगाळायला, असा तिथल्या लोकांचा आक्षेप. तेव्हा यान गेल नावाचा वास्तुविशारद कागद-पेन्सिल घेऊन तिथं जाऊन बसू लागला. किती जण चालतात, किती जण नुसते बसतात, टिपत राहिला. नुसतं बसणंही मोजायचं, हे आम्हाला त्यातलं खरं नवं वाटतं.

आता ते काम यंत्रं करतात. सायकलींसाठी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरतात; धातूचं चाक वरून गेलं की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि नोंद होते. जंगलातल्या पायवाटेवर लाकडी खांबात लपवलेला संवेदक अंगाची ऊब ओळखतो. पण बघा, दोघं खांद्याला खांदा लावून गेले तर त्याला एकच माणूस दिसतो! म्हणून यंत्र बसवल्यावर कुणीतरी तिथं उभं राहून हातानं मोजायचं, आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. यंत्राची पारख शेवटी डोळ्यांनीच होते, याची आम्हाला थोडी गंमत वाटते.

आता मुद्द्याचं. कोपनहेगनच्या मध्यभागात 1970 साली रोज सुमारे साडेतीन लाख मोटारी यायच्या आणि सायकली जेमतेम एक लाख. त्या वर्षी कुणी नुसता आकडा पाहिला असता, तर म्हणाला असता, सायकलवाल्यांसाठी कशाला खर्च? 2009 मध्ये तिथं पहिलं विद्युत-गणक बसलं. 2016 च्या मोजणीत सायकली 2,65,700 निघाल्या आणि मोटारी 2,52,600. मधल्या काळात त्यांनी मार्ग बांधले होते.

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. आज एखाद्या पुलावर असं यंत्र लावलं तर आकडा लहानच येईल. पण जी मुलगी भीतीपोटी सायकल घरीच ठेवते, ती त्या तारेवरून जाणारच नाही. तिची नोंद कुठे करायची? आमच्यापाशी याचं तयार उत्तर नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ या.