काठी, साखळी आणि उपग्रह : शिरूर-दौंडच्या मातीतील अचूकतेचा इतिहास

१/
शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे, भीमा नदीने परस्परांपासून वेगळे केलेले दोन तालुके. येथे दोनशे मीटर लांबीचा बांध एका मीटरने सरकला, तर दोनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे जमीन एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात दोन गुंठ्यांसाठी भावकी कोर्टात जाते. म्हणून ‘मोजणी किती अचूक?’ हा प्रश्न येथे केवळ शास्त्राचा राहत नाही. याच टापूत त्याला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
आरंभी दोन शब्दांतील भेद स्पष्ट करायला हवा : सूक्ष्मता आणि अचूकता. साखर कारखान्याचा एखादा वजनकाटा ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो, पण प्रत्येक गाडीमागे पन्नास किलो कमी भरतो. असा काटा सूक्ष्म आहे, अचूक नाही. दुसरा काटा पाच-पाच किलोंच्याच टप्प्यांनी वजन दाखवतो, पण खरे दाखवतो. तो ढोबळ असला तरी विश्वासार्ह आहे. मोजणीच्या इतिहासातील बहुतेक मोठ्या चुका पहिल्या प्रकारच्या काट्याने केलेल्या आहेत.

३/
पेशवाईत जमीन काठीने मोजली जाई. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या म्हणजे एक पांड, वीस पांड म्हणजे एक बिघा आणि एकशे वीस बिघे म्हणजे एक चाहूर. हिशेब नेटका होता. प्रश्न एवढाच, की हात कोणाचा? काठी पाच टक्क्यांनी लांब धरली, तर लांबी आणि रुंदी दोन्हींत फरक पडतो आणि क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी बदलते. त्यामुळे एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेलच, याची खात्री नव्हती.

४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे पुणे भागाच्या पाहणीचे काम आले. रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताचा त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांवर मोठा प्रभाव होता. प्रिंगलने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हा सरकारचा वाटा ठरवला. कागदावर हा हिशेब अत्यंत बारकाईचा होता.

५/
१८३० मध्ये हा आकार लागू झाला आणि लवकरच कोसळला. उत्पन्नाचे अंदाज आणि जमिनीची प्रतवारी या मुळातल्याच गोष्टी चुकल्या होत्या. त्यांच्यावर कितीही काळजीपूर्वक गणित केले, तरी उत्तर चूकच येणार होते. सारा वसूल होईना. शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेतेच्या शेते पडीक पडली. सूक्ष्म आकड्यावर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत कुणब्यांनी भरली.

६/
१८३५ च्या सुमारास एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता यांनी इंदापुरातच नव्याने काम सुरू केले. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध महसूल मोजणी येथूनच सुरू झाली. त्यांचा मोठा निर्णय असा, की प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नाद सोडायचा. जे मोजता येत नाही, ते मोजल्याचा आव आणायचा नाही. जे बांधावर उभे राहून पाहता येते आणि दुसऱ्याला पुन्हा तपासता येते, तेवढेच मोजायचे.

७/
पाहता येण्यासारख्या गोष्टी होत्या मातीचा रंग, तिचा पोत आणि तिची खोली. काळी, तांबडी आणि हलकी अशा तीन जातींच्या मातीचे खोलीनुसार नऊ वर्ग पाडले गेले. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आणे, तर सर्वांत खालचा वर्ग दोन आणे. गावाचा पाऊसपाणी आणि बाजारपेठेपासूनचे अंतर यांवरून दर ठरे आणि आकार तीस वर्षांसाठी कायम होई. ही पद्धत पुढे भीमथडी आणि पाबळ या जुन्या तालुक्यांत आली. आजच्या दौंडचा बराच भाग तेव्हा भीमथडीत होता. पाबळ हे गाव आज शिरूर तालुक्यात आहे.

८/
क्षेत्र मोजण्यासाठी साखळी होती ३३ फुटांची. तिचेही सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेताच्या मधून एक सरळ रेषा घ्यायची, तिच्यापासून बांधाच्या कोपऱ्यांपर्यंत काटकोनात लंब टाकायचे आणि त्रिकोण-चौकोनांची बेरीज करायची. या कच्च्या आकृतीला ‘टिपण’ म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात आजही हाच शब्द चालतो.

९/
साखळीतही धोका होता. उन्हातान्हात ओढून कड्या ताणल्या आणि साखळी एका इंचाने वाढली, असे समजू. ३९६ इंचांत एक इंच हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु क्षेत्रात तो दुप्पट होतो, सुमारे अर्धा टक्का. शंभर एकरांमागे वीस गुंठे कमी लागतात. एखादा आकडा ऐकण्या-लिहिण्यात चुकला, तर अशा चुका कधी जास्त, कधी कमी असतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. ताणलेल्या साखळीची चूक मात्र एकाच दिशेची असते. हजार वेळा मोजले, तरी ती जात नाही.

१०/
अशी चूक शोधायची, तर बाहेरचे माप लागते. म्हणून साखळी प्रमाण मापाशी ताडून पाहावी लागे आणि मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरचा अधिकारी पुन्हा मोजे. प्रतवारी करणाऱ्याचेही काम असेच तपासले जाई. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम एकत्र बांधले गेले. चूक होणारच हे गृहीत धरून ती पकडण्याची सोय आधीच करणे, हे या मोजणीचे खरे बळ होते.

११/
तरीही अचूक मोजणी म्हणजे न्याय्य सारा नव्हे. पहिल्या तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६० च्या दशकाअखेरपासून फेरआकारणी झाली आणि सारा बराच वाढला. त्याच सुमारास अमेरिकन यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव खाली आले होते आणि सावकारी कर्ज वाढले होते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकाराविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे उठाव होऊन कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात हेच ‘दख्खनचे दंगे’.

१२/
दंग्यांच्या थोडे आधी सरकारने फेरआकारणीला मर्यादा घातली होती : संपूर्ण तालुक्यामागे ३३ टक्के, एका गावामागे ६६ टक्के आणि एका खातेदारामागे १०० टक्के, याहून अधिक वाढ नको. हे आकडे उदार नव्हते. पण त्यांत एक कबुली होती. आकारणीचे गणित चुकू शकते, म्हणून त्या चुकीने एका कुटुंबाचे किती नुकसान होऊ द्यायचे, याला सीमा हवी.

१३/
महसूल मोजणी शेतांपुरती होती. गावठाण, म्हणजे प्रत्यक्ष घरे, नकाशावर एकच कोरा ठिपका म्हणून राहिले. शिवाय सुरुवातीची ही मोजणी देशव्यापी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या जाळ्यावर बेतलेली नव्हती. ते सर्वेक्षण विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले होते. आयुष्यभर भारत मोजत उत्तरेकडे आलेला लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे.

१४/
लॅम्ब्टननंतर जॉर्ज एव्हरेस्ट आला. पृथ्वी किंचित चपटी आहे. नकाशासाठी तिचा नेमका आकार गृहीत धरावा लागतो. एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेला आकार भारतीय नकाशांचा पाया झाला. उपग्रहप्रणाली आज जो आकार वापरते, त्याच्या तुलनेत एव्हरेस्टची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ८६० मीटरांनी लहान आहे आणि दोहोंचे केंद्रही एक नाही. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या प्रणालीत टाकले, तर दौंडचे रेल्वे स्थानक शंभराहून अधिक मीटर सरकलेले दिसू शकते. स्थानक जागेवरच असते. बदलतो तो पाया.

१५/
स्वातंत्र्यानंतर आणखी एक थर चढला. जमिनीचे तुकडे रोखण्यासाठी १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा आला आणि एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पुढे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक गुंठा म्हणजे १.०१ आर. दोन्ही सारखेच धरले, तर शंभर एकरांत जवळपास सव्वा एकराचा घोळ होतो. प्रत्येक रूपांतरात थोडी चूक शिरते आणि ती सातबाऱ्यावर मुकाट्याने पुढे चालते.

१६/
नकाशाच्या रेषेलाही जाडी असते. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेषा जमिनीवर दोन मीटर रुंद असते. असा नकाशा संगणकावर मोठा करून बांधाची जागा सेंटीमीटरमध्ये सांगणे निरर्थक आहे. चित्र मोठे होते, त्यातील माहिती वाढत नाही.

१७/
उपग्रहाने स्थान कळते ते वेळ मोजून. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा काळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. घड्याळात सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली, तर अंतर ३० सेंटीमीटरने चुकते. अमेरिकेच्या जीपीएसमध्ये नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली. तोवर सुमारे शंभर मीटरची चूक नेहमीची होती. आज मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक सुमारे पाच मीटर असते. झाडांखाली आणि इमारतींजवळ ती वाढते.

१८/
पण मोबाइल अक्षांश दाखवतो दशांशचिन्हानंतर सहा किंवा अधिक स्थळांपर्यंत. सहावे स्थळ म्हणजे जमिनीवर अवघे ११ सेंटीमीटर. पाच मीटर चुकणारे यंत्र ११ सेंटीमीटरचा आकडा लिहिते. प्रिंगलचा ५५ टक्क्यांचा हिशेब आणि मोबाइलचे हे सहावे स्थळ यांची जात एकच. मोबाइलवर शेताभोवती फिरून ‘शेजाऱ्याने दीड मीटर दाबले’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

१९/
सरकारी मोजणीत आज रोव्हर वापरतात. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने ‘कॉर्स’ प्रकारची ७७ कायमस्वरूपी संदर्भस्थानके उभी राहिली. स्थानकाची जागा आधीच नेमकी ठाऊक असल्याने उपग्रहाच्या संदेशातील चूक तेथे क्षणोक्षणी कळते. ती दुरुस्ती रोव्हरला मिळाली, की स्थान काही सेंटीमीटरपर्यंत खरे लागते. तत्त्व जुनेच : साखळी प्रमाण मापाशी ताडून पाहणे.

२०/
येथेही जमीन स्थिर नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. म्हणजे जागतिक चौकटीत २००० साली नोंदलेला शिरूरचा एखादा बांध आज मीटरभर पुढे गेला आहे. शेजारी, विहीर आणि शीवेचा दगड त्याच्याबरोबरच सरकल्याने तंटा होत नाही. पण अक्षांश-रेखांश लिहिताना ते कोणत्या वर्षाचे, कोणत्या पायावरचे, हे लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२१/
रोव्हर कोठे उभा आहे, हे तो सेंटीमीटरपर्यंत सांगतो. बांध कायद्याने कोठे असायला हवा, हे मात्र तो सांगत नाही. ते ठरते जुन्या टिपणावरून, हद्दीच्या दगडावरून आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांसमोर झालेल्या मोजणीवरून. दगड उपटला गेला असेल, तर आकाशातील कोणताही उपग्रह त्याची मूळ जागा आठवून देऊ शकत नाही.

२२/
महसूल मोजणीने कोरे सोडलेले गावठाण आता मोजले जात आहे. ड्रोनने गावठाण मोजण्याचा राज्यातील प्रारंभीचा प्रयोग दौंडच्या शेजारी, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर झाली. या मोजणीतही उड्डाणाआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखून घेतात. ही रेघ कोठे ओढायची, हे घरमालक आणि शेजारी जमिनीवर उभे राहून ठरवतात. ड्रोन त्यानंतर येतो.