‘इतर’ संघाच्या तीनशे नऊ धावा

आम्हा रायगडच्या खारेपाटातल्या माणसांना बांध घालून समुद्राकडून जमीन मागून घेण्याचं नवल नाही. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियमही अशाच समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उभं आहे. ते १९३७ साली खुलं झालं आणि पंचरंगी सामने तिथे भरू लागले. संघ धर्मावर पाडलेले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’.

सांगलीचे विजय हजारे मराठी बोलणारे, पण ख्रिस्ती. म्हणून ते ‘इतर’मध्ये. १९४३च्या अंतिम सामन्यात या संघाच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही संघ डावाने हरला. गांधीजींनी १९४० सालीच अशा धर्मवार सामन्यांना विरोध केला होता. १९४६ मध्ये ते थांबले.

पुढे तिकिटांच्या वाटणीवरून वाद झाला आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथल्या पहिल्याच कसोटीत एकनाथ सोलकरने शतक काढलं. त्याचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखत. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात श्रीरामपूरच्या झहीर खानने गोलंदाजीची सुरुवात केली, तेव्हा तो कुणाकडून खेळतो, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मी मराठीत कविता लिहितो. ‘तुम्ही मराठीत कसे?’ असं अजूनही कुणी विचारतं, तेव्हा मला ते ३०९ आठवतात.