पुणतांबा ते धोबीतलाव : मुंबईच्या जॅझ वादकांची कहाणी

दौंड-मनमाड लोहमार्गावरील आमच्या राहुरी स्थानकातून उत्तरेकडे निघालेली गाडी श्रीरामपूर मागे टाकून पुणतांब्याला पोहोचते. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु १९१८ साली याच गावी रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला, हे आपल्या जिल्ह्यातही थोड्यांनाच स्मरते. आणि ज्या वादकांच्या साथीने त्यांच्या कित्येक चालींना अंगकाठी लाभली, ते वादक आपलेच धर्मबंधू होते, हे तर त्याहूनही थोड्यांना माहीत असते. त्या विस्मृत मंडळींची ओळख करून देण्यासाठी आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

१९५१ साली सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेला भगवानदादांचा ‘अलबेला’ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील एका गाण्यात झालरीचे झगझगीत अंगरखे घातलेला एक वाद्यमेळ दिसतो. त्यातला ट्रम्पेटवादक म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातील हळदोणे. मुंबईचे रसिक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणूनही त्यांनी काम केले. पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ एका ध्वनिमुद्रणगृहात कसे भेटले, याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

जॅझ हे संगीत अमेरिकेत, विशेषतः न्यू ऑर्लीन्स शहरात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. शेतातील श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते आणि लष्करी बँडची पितळी वाद्ये यांचा तो संगम होता. ठरलेली चाल एकदा वाजवावी आणि मग प्रत्येक वादकाने आपल्या मनाप्रमाणे तिचा विस्तार करावा, ही त्याची रीत. आपल्याकडे भजनात ध्रुपद धरून बुवा जशा नव्या जागा घेतात, तसेच काहीसे हे आहे. म्हणूनच हे संगीत कानाला परके वाटले, तरी मनाला फार काळ परके राहिले नाही.

१९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद आणला. पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्वदेशात वर्णभेदामुळे मानहानी सोसणाऱ्या या कलावंतांना येथे मानाचे स्थान मिळाले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले आणि १९४५ साली तेथेच पटकीने त्यांचे निधन झाले. परंतु तोवर त्यांनी आपल्या मेळात भारतीय वादकांना सामावून घेतले होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यांपैकी एक. १९३९ पासून तर ‘ताज’मधील वाद्यवृंदाची धुरा मिकी कोरिया यांच्याकडे आली आणि ती त्यांनी सुमारे दोन दशके वाहिली.

हे वादक बहुतांशी गोव्याचे असण्यामागे एक साधे कारण होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतून शाळा चालत. तेथे ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्सेला आणि सणाला गायनवृंद तयार असावा. पण त्या पाच रेषांच्या कागदाने कित्येक गरीब मुलांच्या हाती पोटापाण्याचे साधन दिले. शेती थोडी आणि खाणारी तोंडे फार, तेव्हा मुले मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव आणि माझगाव भागांत गावोगावच्या ‘कूड’ होत्या. अल्प भाड्यात एक पेटी ठेवण्यापुरती जागा, सायंकाळी सर्वांची मिळून रोझरी आणि गावची माणसे, एवढ्यावर नव्या वादकाचा संसार सुरू होई.

त्यांचे जीवन बाहेरून दिसे तितके झगमगीत नव्हते. रात्री हॉटेलात काळा कोट आणि बो घालून धनिकांच्या नृत्यासाठी वाजवायचे, सकाळी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला हजर व्हायचे, आणि मधल्या वेळात लग्नाचे अथवा नाताळच्या नृत्याचे आमंत्रण मिळाले तर तेही सोडायचे नाही. काम असेल त्या दिवशी पैसे, नसेल त्या दिवशी उधारी. १९५० साली मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, तेव्हा रात्रीच्या मैफिलींचा व्यवसाय आखडला आणि वादकांना चित्रपटसृष्टीचाच आधार उरला.

तेथे त्यांची गरजही होती. आपले बहुसंख्य संगीतकार रागदारीत मुरलेले, परंतु पाश्चात्य स्वरलिपी लिहिण्याची त्यांना सवय नसे. संगीतकार पेटीवर चाल वाजवून दाखवी. मग संयोजक ती कागदावर उतरवी, व्हायोलिनांनी काय वाजवावे, सॅक्सोफोन कोठे यावा, दोन कडव्यांमधील जागा कशाने भरावी, हे ठरवी आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहून काढी. ज्यांना एकमेकांची भाषाही नीट येत नसे, असे पाच-पन्नास वादक त्या कागदांच्या बळावर एका श्वासात वाजवीत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा यांचा हात असे. परंतु ध्वनिमुद्रिकेवर नावे येत ती संगीतकार, कवी आणि गायक यांची. कागद लिहिणाऱ्याचे आणि वाद्य फुंकणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा याच कारणाने मनाला चटका लावते. १९२७ साली जन्मलेले हे व्हायोलिनवादक मुंबईत संयोजक आणि शिक्षक म्हणून नावारूपास आले. रागसंगीत आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याच्या ध्यासापायी १९५८ साली त्यांनी भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभारला. पदराला खार लावून केलेले असे प्रयोग फार काळ टिकणे कठीणच होते. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे त्यांनी पाठ फिरवली आणि आपल्या गावी शांतपणे राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी मात्र गुरूला विसरायचे नाही असे ठरवले होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायकाच्या तोंडी त्यांनी गुरूचेच नाव घातले. सारा देश ते नाव गुणगुणू लागला, पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २०१२ साली गोन्साल्विस प्रभुवासी झाले.

साठीच्या दशकात चर्चगेटच्या उपाहारगृहांतून जॅझला पुन्हा बहर आला. ख्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि लॉर्ना यांचा आवाज यांनी कोकणी गीताला जॅझचा ताल दिला. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन मुंबईत वाजवून गेले. १९७८ साली धोबीतलावाच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. म्हणजे, ज्या वस्तीत वादकांच्या पेट्या एकमेकींना खेटून असत, तिच्या अंगणातच जगभरचे वादक आले. परंतु ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला. एका यंत्राने दहा जणांचे काम केले आणि उरलेल्या नऊ जणांनी वाद्ये पेटीत बंद केली.

आता हे सारे राहुरीकरांनी का वाचावे? आमच्या मते, त्यात आपल्यासाठी एक प्रश्न दडलेला आहे. रेव्हरंड टिळकांचे या राहुरीत वास्तव्य होते. टाळ, मृदंग आणि अभंगाच्या चालीवर ख्रिस्तभक्ती गाण्याचा त्यांनी घालून दिलेला धडा पंथभेद ओलांडून आपल्या उपासनेतही रुजला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत पेटी-तबल्याच्या साथीने गाणारे थवे आजही भेटतात. पण गावोगावच्या चर्चमध्ये आता कळ दाबताच ताल देणारे यंत्र येत आहे. ते दोषी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मुलाने तबला शिकायचा, तो त्यामुळे मागच्या बाकावर नुसता बसून राहतो.

गोव्यातील त्या मेस्तांनी मुलांना जॅझ शिकवला नव्हता. त्यांनी फक्त मिस्सेसाठी स्वर वाचायला शिकवले. पुढचे सारे त्या मुलांनी मिळवले. आपल्या धर्मग्रामात असा एक शिक्षक आणि अशी चार वाद्ये असावीत, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. आणि सणाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांखाली पेटी, तबला आणि टाळ वाजवणाऱ्यांचीही नावे छापली जावीत. त्याला एकच ओळ अधिक लागेल. ती ओळ मुंबईच्या शेकडो वादकांच्या वाट्याला कधी आली नाही.