डाग नेमका कुणासाठी?

परवा वडगावच्या जनावरांच्या बाजारात एक बैल बघितला. मागच्या फऱ्यावर तीन आडवे डाग, अजून ओले. मालकाला विचारलं तर म्हणाले, "लंगडत होता, म्हणून डागला. आता चालतोय बघा." मला आमच्या आजोबांचा बैल आठवला. त्यालाही असाच तापलेल्या विळ्याचा चटका दिला होता. पावसात जखमेत किडे पडले आणि अख्ख्या पेरणीत तो दावणीलाच राहिला.

हा डाग आला कुठून? शब्द फारसी, पण रीत त्याहून जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षानं जनावरांच्या खुणा नोंदवून ठेवाव्यात, असं सांगितलंय. अलाउद्दीन खिलजीनं लष्करातले घोडे डागायला लावले. १५७३-७४ च्या सुमारास अकबरानं तीच पद्धत पुन्हा आणली, कारण सरदार हजेरीला उसने घोडे उभे करून सरकारी पैसा उचलायचे. देवाच्या नावानं सोडलेल्या वळूवर त्रिशूळ-चक्र उमटवायचे. म्हणजे हा शिक्का मालकाच्या, सरकारच्या, देवाच्या हिशेबाचा. जनावराचं त्यात काहीच भलं नव्हतं.

डागून बरं करायची समजूतही तितकीच जुनी. पण घडतं काय? नव्या वेदनेपुढं जुनी वेदना दबते, जनावर घाबरून पाय टाकतं आणि आपल्याला वाटतं गुण आला. लाळ्या-खुरकूत विषाणूनं होतो, तो कातडी भाजून कसा जाईल? उलट भाजलेली जखम पूर्ण भरायला दोन महिन्यांहून जास्त लागू शकतात. आणि ज्या चपलेनं कोल्हापूरचं नाव जगभर नेलं, तिच्या कारागिरालाही डागलेलं चामडं नकोच असतं.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं डागायला सूट ठेवली. गोठ्यातला तापलेला विळा ही काही ठरवून दिलेली पद्धत नव्हे. आणि ओळखीसाठी म्हणाल, तर आता कानात बारा अंकी बिल्ला आहे. १ जून २०२४ पासून राज्यात खरेदी-विक्रीला तो सक्तीचा केलाय.

हिशेबाचं काम बिल्ल्यानं घेतलं. मग डागाचं उरलं काय? नुसता चटका.

मित्रांनो, बैल लंगडला तर आधी खूर उचलून बघा. काटा, खडा, नाहीतर जखम सापडेल. नाही सापडलं, तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. विळा वैरणीलाच राहू द्या.