लिनक्स व मॅकओएसवरील बुद्धिबळ सॉफ्टवेअर

लिनक्स व मॅकओएसवरील बुद्धिबळ सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्ट विंडोजखेरीज अन्य संचालन प्रणालींवर बुद्धिबळ खेळणे, डावांचे विश्लेषण करणे आणि डावांचा संग्रह ठेवणे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक आज्ञावली होत. व्यावसायिक खेळाडूंमध्ये रूढ असलेल्या चेसबेस व फ्रिट्झ या जर्मन आज्ञावली विंडोजसाठी बनवल्या जातात. त्यामुळे इतर प्रणालींवरील बहुतेक साधने स्वयंसेवकांनी, मुक्तस्रोत परवान्याखाली विकसित केलेली आहेत.

इतिहास

बुद्धिबळ आणि युनिक्स यांचा संबंध जुना आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही बुद्धिबळाच्या आज्ञावलीची नोंद आढळते. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी जो कॉन्डन यांच्यासह बेल प्रयोगशाळेत 'बेल' हे बुद्धिबळ यंत्र तयार केले. या यंत्राने १९८० साली संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली.

१९८४ साली स्टुअर्ट क्रॅक्राफ्ट यांनी ग्नू चेसचे काम सुरू केले. पुढे एक्सबोर्ड या आज्ञावलीमुळे युनिक्स संगणकाच्या पडद्यावर पट व मोहरी पाहून खेळणे शक्य झाले. रॉबर्ट हायट यांचे क्राफ्टी हे इंजिन १९९०च्या दशकात स्रोतासह उपलब्ध होते व अनेक नव्या प्रोग्रामरांनी त्यावरून धडे घेतले. फ्रान्सच्या फॅबियन लेतुझे यांचे फ्रूट हे इंजिन मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. २००५ साली रेक्याविक येथील जागतिक स्पर्धेत ते दुसरे आले. ग्नू चेसची सहावी आवृत्ती फ्रूटवरच आधारलेली आहे.

रचना

बुद्धिबळ सॉफ्टवेअरचे सामान्यतः तीन भाग असतात : चाल शोधणारे इंजिन, पट दाखवणारा इंटरफेस आणि डाव साठवणारा डेटाबेस. विंडोजवरील व्यावसायिक आज्ञावलींत हे तिन्ही एकत्र मिळतात. लिनक्सवर ते बहुधा वेगवेगळे घ्यावे लागतात. केवळ इंजिन उतरवून चालवल्यास पट दिसत नाही, तर आज्ञेची वाट पाहणारी रिकामी खिडकी उघडते. नवख्या वापरकर्त्यांचा येथे अनेकदा गोंधळ होतो.

इंजिन व इंटरफेस यांच्यातील संवाद साध्या मजकुराच्या ओळींतून होतो. यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली एक्सबोर्डसोबत विकसित झाली. दुसरी, यूसीआय, रुडॉल्फ ह्युबर व स्टेफान मायर-कालेन यांनी २००० साली जाहीर केली. इंटरफेस पटावरील स्थिती कळवून विचार सुरू करण्याची आज्ञा देतो आणि इंजिन सर्वोत्तम चाल परत कळवते. हा संवाद कोणत्याही एका संचालन प्रणालीशी बांधलेला नसल्याने एकच इंजिन वेगवेगळ्या इंटरफेसमध्ये जोडता येते.

इंजिने

स्टॉकफिश हे सर्वाधिक वापरले जाणारे मुक्त इंजिन आहे. टॉर्ड रॉम्स्टाड यांच्या ग्लोरुंग या इंजिनावरून मार्को कोस्ताल्बा यांनी २००८ साली त्याची सुरुवात केली. २०२० मधील बाराव्या आवृत्तीपासून त्यात स्थितीच्या मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क वापरले जाते. हे तंत्र मुळात शोगी या जपानी खेळासाठी यू नासू यांनी विकसित केले होते. स्टॉकफिश सामान्य प्रोसेसरवरच चालते. २०१८ साली सुरू झालेल्या लीला चेस झिरोला मात्र पूर्ण ताकदीने खेळण्यासाठी शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड लागते.

इंटरफेस व डेटाबेस

केवळ खेळण्यासाठी लिनक्सवर ग्नोम चेस, केडीईचे नाइट्स व पायचेस उपलब्ध आहेत. मॅकओएसमध्ये ॲपलचे 'चेस' आधीपासूनच असते. त्यात स्येंग हे इंजिन वापरले आहे. इंजिनांचे आपसांतील सामने घेण्यासाठी क्यूट चेस उपयोगी पडते.

अभ्यासासाठी स्किड महत्त्वाचे मानले जाते. न्यूझीलंडच्या शेन हडसन यांनी ते सुरू केले. लाखो डावांतून विशिष्ट खेळाडू, सुरुवातीचा प्रकार किंवा पटावरील स्थिती त्यात शोधता येते. 'स्किड व्हर्सेस पीसी' ही त्याची शाखा लिनक्स व मॅक या दोन्हींवर चालते. चेसएक्स हा आणखी एक मुक्त डेटाबेस आहे. सशुल्क पर्यायांत ब्रिटनमधील हायार्क्सची मॅकसाठीची आवृत्ती येते.

डाव एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्यासाठी पीजीएन हे मजकूर स्वरूप वापरतात. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ते १९९३ साली मांडले. चेसबेसचे स्वतःचे स्वरूप वेगळे असल्याने प्रणाली बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूला आपले डाव आधी पीजीएनमध्ये उतरवून घ्यावे लागतात. चाली, पर्यायी चाली व लेखी टिपा त्यात टिकतात; चेसबेसची काही खास चिन्हांकने मात्र टिकत नाहीत.

विंडोजच्या आज्ञावली चालवणे

वाइन या आज्ञावलीच्या साहाय्याने विंडोजसाठीची काही बुद्धिबळ सॉफ्टवेअर लिनक्स व मॅकवर चालतात. परंतु प्रत्येक आवृत्ती नीट चालेलच असे नाही. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर बूट कॅम्पद्वारे विंडोज बसवता येत असे. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर ही सोय नाही. तेथे आभासी यंत्राचा आधार घ्यावा लागतो.

निवड व मांडणी

स्टॉकफिशच्या निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळ्या प्रती असतात. जुन्या संगणकावर नव्या प्रोसेसरसाठीची प्रत चालवल्यास ती सुरू होताच बंद पडते. लिनक्स वितरणांच्या भांडारांतून इंजिन सहज बसवता येते, परंतु स्थिर वितरणांत ते जुन्या आवृत्तीचे असू शकते. थेट उतरवलेल्या फाइलला लिनक्सवर चालवण्याची परवानगी द्यावी लागते. मॅकओएसही अनोळखी विकसकाची आज्ञावली प्रथम अडवते. स्टॉकफिश मूळ मांडणीत प्रोसेसरचा एकच धागा व १६ मेगाबाइट स्मृती वापरते. हे आकडे न वाढवल्यास बहुतांश आधुनिक संगणकांची क्षमता वाया जाते.

परवान्याचा वाद

चेसबेसने २०२१ साली 'फॅट फ्रिट्झ २' विक्रीस आणले. ते स्टॉकफिशवर आधारित असून ग्नू परवान्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, असे म्हणत स्टॉकफिशच्या विकसकांनी त्याच वर्षी जर्मनीत दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये उभयतांत तडजोड झाली. स्वयंसेवकांनी लिहिलेला स्रोत विकता येतो, मात्र तो ग्राहकालाही खुला ठेवावा लागतो, ही परवान्याची मूळ अट या प्रकरणामुळे चर्चेत आली. विंडोजेतर प्रणालींवरील बुद्धिबळ सॉफ्टवेअर मुख्यतः याच अटीच्या आधारे टिकून आहे.

हेही पहा

संगणक बुद्धिबळ
मुक्त सॉफ्टवेअर
लिचेस