रेडिओ-नियंत्रित मोटारींची घरगुती देखभाल व दुरुस्ती

रेडिओ-नियंत्रित मोटार (बोलीभाषेत रिमोटची गाडी) ही हातातील प्रक्षेपकाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या साहाय्याने दुरून चालविली जाणारी लहान आकाराची प्रतिकृती मोटार होय. घरात किंवा जवळच्या सायकल, हार्डवेअर व विद्युत साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंच्या आधारे अशा मोटारीची स्वच्छता, वंगण व किरकोळ दुरुस्ती करता येते. या मोटारींतील नेहमीचे बिघाड इलेक्ट्रॉनिक पट्टीत क्वचित होतात; धूळ, सैल स्क्रू, गंजलेले संपर्क आणि तुटलेल्या तारा ही त्यांची अधिक सामान्य कारणे आहेत. त्यामुळे 'बंद पडली' म्हणून टाकून दिलेली गाडी बहुधा अल्प खर्चात पुन्हा चालू होऊ शकते. लिथियम बॅटरी मात्र याला अपवाद असून तिची घरगुती दुरुस्ती धोकादायक असते.

पार्श्वभूमी

रेडिओ लहरींनी वाहन दुरून चालविण्याचे प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे एका लहान बोटीच्या साहाय्याने दाखविले. रेडिओ-नियंत्रित मोटारी बाजारात येण्यास १९६० चे दशक उजाडले. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ या मोटारीची १:१२ प्रमाणातील प्रतिकृती सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विक्रीस आणली. मालकाने गाडी स्वतः जोडावयाची असल्याने तिची दुरुस्तीही त्याला स्वतः करता येई. हा छंद जगभर पसरण्यास ही पद्धत मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.

महाराष्ट्रात टाकाऊ वस्तूंपासून खेळणी तयार करून विज्ञान शिकविण्याची परंपरा पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेशी जोडलेली आहे. आयआयटी कानपूरचे विद्युत अभियंता अरविंद गुप्ता यांनी तेथे अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. खेळणे उघडून पाहणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हा या परंपरेतील विचार रिमोटच्या गाडीलाही लागू पडतो.

प्रकार व रचना

या मोटारींचे दोन ढोबळ प्रकार आहेत.

• खेळणे-दर्जाची मोटार : ग्राहक, गतिनियंत्रण व दिशानियंत्रण एकाच मुद्रित पट्टीवर असते. पट्टी जळाल्यास बहुधा संपूर्ण पट्टीच बदलावी लागते. जुन्या गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्‌झवर, तर नव्या बहुतांशी २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात.
• छंद-दर्जाची मोटार : ग्राहक, गतिनियंत्रक, दिशा वळविणारी सर्व्हो मोटर व मुख्य मोटर हे स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग वेगळा तपासता व बदलता येतो.

२७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात २६.९९५, २७.०४५, २७.०९५, २७.१४५, २७.१९५ व २७.२५५ हे सहा मार्ग प्रचलित आहेत. एकाच मार्गावरील दोन गाड्या एकत्र चालविल्यास त्या एकमेकींच्या आज्ञा पाळू लागतात. हा बिघाड नव्हे. त्यामुळे गाडी उघडण्यापूर्वी आसपास तशीच दुसरी गाडी चालू नाही ना, हे पाहावे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे. या पट्ट्यातील प्रक्षेपक व ग्राहक आपसांत जोडले जात असल्याने हा गोंधळ सहसा होत नाही.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम

देखभालीची गरज जमीन व हवामान यांनुसार बदलते. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर मार्गावरील गाव याचे चांगले उदाहरण आहे. भीमा व सीना नद्यांच्या खोऱ्यातील हा प्रदेश अवर्षणप्रवण व काळ्या मातीचा आहे. काळी माती ओली झाली की फुगते व चिकटते, वाळली की आकसून भेगाळते. त्यामुळे येथे गाडीला दोन विरुद्ध प्रकारचा त्रास होतो. उन्हाळ्यात बारीक धूळ गियर व बेअरिंगमध्ये शिरते, तर पावसाळ्यात चिखल चाकांभोवती थर धरून मोटरवर भार टाकतो.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर परिसरातील दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी मोटर व गतिनियंत्रक लवकर तापतात आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून उन्हाळ्यात गाडी सकाळी किंवा संध्याकाळी चालविणे, दोन फेऱ्यांमध्ये मोटर थंड होऊ देणे आणि गाडी किंवा बॅटरी उन्हात वा बंद वाहनात न ठेवणे हितावह असते.

बिघाड शोधण्याचा क्रम

दुरुस्तीत पैसा व वेळ वाचविण्याचा मुख्य उपाय म्हणजे स्वस्त शक्यता आधी तपासणे.

१. प्रक्षेपक व गाडी या दोहोंमध्ये नवे सेल किंवा पूर्ण भारित बॅटरी घालून पाहावी.
२. सेलच्या कप्प्यातील पत्रे व स्प्रिंग गंजलेले वा सैल आहेत का, ते पाहावे.
३. बटण अनेकदा चालू-बंद करावे. त्याने गाडी क्षणभर चालल्यास बटणाचा संपर्क मळलेला असतो.
४. झाकण उघडून सर्व तारा हलक्या हाताने ओढून पाहाव्यात. बॅटरी व मोटर यांच्या तारांचे डाग सर्वांत आधी निखळतात.
५. मोटरच्या तारा पट्टीपासून सोडवून तिला योग्य दाबाच्या सेलशी थेट जोडावे. ती फिरल्यास दोष पट्टीत किंवा ग्राहकात असतो. न फिरल्यास मोटरमध्ये असतो.
६. मोटर फिरते पण चाक फिरत नसेल, तर पिनियन आसावर घसरत आहे किंवा गियरचा दात तुटला आहे, असे समजावे.

मल्टिमीटर असल्यास चौथी व पाचवी पायरी अधिक अचूकपणे करता येते.

स्वच्छता व वंगण

चिखल ओला असताना पुसल्यास तो फटींमध्ये अधिक खोल जातो. काळी माती पूर्ण वाळू देऊन रंगाच्या जुन्या ब्रशने किंवा दात घासण्याच्या ब्रशने झटकणे सोयीचे असते. कोपऱ्यांतील धूळ सायकलच्या पंपाने हवा मारून काढता येते. आसाभोवती गुंडाळलेले केस, दोरे व गवताच्या काड्या चिमट्याने काढाव्यात. त्या तशाच राहिल्यास घर्षणाने प्लास्टिक वितळते.

बेअरिंग व मोटरच्या बुशसाठी शिलाई यंत्राचे पातळ तेल उपयुक्त असते. एका ठिकाणी एक थेंब पुरेसा होतो. खोबरेल तेल वापरू नये. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते आणि कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. गंज सोडविणारा फवारा हा वंगणाला पर्याय नाही, कारण तो आतील ग्रीस धुऊन टाकतो. बंद पेटीतील गियरांना थोडे ग्रीस द्यावे. उघड्या गियरांना देऊ नये. ग्रीस व धूळ यांचे मिश्रण पॉलिश पेपरप्रमाणे दात झिजविते.

विद्युत दुरुस्ती

गळलेल्या अल्कलाइन सेलमुळे संपर्कपत्र्यांवर पांढरा थर जमतो. तो क्षारधर्मी असल्याने कापूस गुंडाळलेल्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसता येतो. साध्या झिंक-कार्बन सेलमधील गळती आम्लधर्मी असते; तिच्यासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरतात. त्यानंतर पत्रा ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून बारीक पॉलिश पेपरने घासावा. हे काम करताना हातमोजे घालावेत आणि हात डोळ्यांना लावू नयेत.

गाडी जवळ असताना नीट चालते व थोडे दूर गेल्यावर झटके देते, अशी तक्रार पुष्कळदा आढळते. ब्रश असलेल्या मोटरमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांमुळे रेडिओ-गोंगाट निर्माण होतो. तो दाबण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचे ('१०४' असा अंक असलेले) तीन सिरॅमिक कपॅसिटर लावतात : एक मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचापर्यंत. हे कपॅसिटर विद्युत साहित्याच्या दुकानात अत्यल्प किमतीत मिळतात.

अँटेनाची तार लोंबकळत असल्यास तिला शीतपेयाच्या नळीत घालून उभी ठेवता येते. तार लांब वाटली तरी कापू नये, कारण तिची लांबी विशिष्ट कंप्रतेशी जुळविलेली असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या ग्राहकावरील तारेचे उघडे टोक सुमारे ३१ मिलिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असते. ते थोडे तुटले तरी पल्ला घटतो.

यांत्रिक दुरुस्ती

• गियरांमधील अंतर : गियर घट्ट बसल्यास मोटर तापते, सैल बसल्यास दात तुटतात. पिनियन व मोठे गियर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरावी, मोटर पुढे दाबून स्क्रू आवळावेत व गियर फिरवून पट्टी बाहेर काढावी. उरलेली फट सामान्यतः योग्य असते.
• सैल होणारे स्क्रू : धातूत बसणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना नेलपॉलिशचा लहान थेंब लावल्यास कंपनाने स्क्रू सुटत नाही. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला ते लावू नये. त्यातील द्रावक काही प्लास्टिक ठिसूळ करतात.
• झिजलेली स्क्रूची भोके : भोकात प्लास्टिकची बारीक पट्टी घालून स्क्रू बसवितात. भोक फार मोठे झाल्यास खाण्याचा सोडा भरून वर झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब सोडतात. मिश्रण लगेच कठीण होते व नंतर त्यात नवे भोक पाडता येते. या क्रियेत उष्णता व डोळ्यांना झोंबणारी वाफ निर्माण होत असल्याने काम मोकळ्या हवेत करावे.
• नायलॉनचे भाग : कोरड्या व उष्ण हवेत नायलॉनमधील ओलावा कमी होऊन ते ठिसूळ बनते. नवे नायलॉनचे भाग गाडीला बसविण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात उकळल्यास ते ओलावा शोषून अधिक चिवट होतात. ही क्रिया धातूचे वा विद्युत भाग वेगळे करूनच करावी.
• दांड्या व पिना : सायकलच्या चाकाची तार साधारण २ मिलिमीटर जाडीची असते. वाकवून व कापून तिच्यापासून दिशा वळविणारी दांडी, बिजागरीची पिन किंवा बॉडी अडकविण्याची क्लिप तयार करता येते.

चाके व बॉडी

खेळण्यातील गाड्यांची कठीण प्लास्टिकची चाके गुळगुळीत फरशीवर घसरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद वळे कापून चाकावर ताणून बसविल्यास पकड वाढते. पोकळ टायर आत दबत असल्यास त्यात भांडी घासण्याच्या स्पंजची पट्टी भरतात. ट्यूब व स्पंज दोन्ही बाजूंच्या चाकांवर सारख्याच मापाचे असावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते.

छंद-दर्जाच्या गाडीची पातळ पॉलिकार्बोनेट बॉडी तडकल्यास तडीच्या टोकाशी लहान गोल भोक पाडल्याने ती पुढे सरकत नाही. त्यानंतर आतील बाजूने भिंतीच्या सांध्यांसाठी मिळणारी काचतंतूची जाळीदार पट्टी व लवचीक रबरी गोंद लावतात. गोंदातील द्रावक बॉडीला मारक नाही ना, हे आधी एखाद्या कोपऱ्यावर तपासावे.

पावसाळ्यात छंद-दर्जाच्या गाडीतील ग्राहक रबरी फुग्यात घालून, तारा बाहेर काढून फुग्याचे तोंड बांधण्याची जुनी युक्ती आहे. गतिनियंत्रक मात्र असा झाकू नये. त्याला थंड होण्यासाठी हवा लागते.

बॅटरी व सुरक्षितता

घरगुती उपायांची मर्यादा बॅटरीपाशी येते. निकेल-मेटल हायड्राइड सेलचा नामांकित दाब १.२ व्होल्ट, तर लिथियम-पॉलिमर सेलचा ३.७ व्होल्ट असतो. लिथियम-पॉलिमर सेल पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्टपर्यंत जातो व तो ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. दीर्घकाळ ठेवावयाचा असल्यास दाब सुमारे ३.८ व्होल्ट राखतात.

• निकेल बॅटरीचा चार्जर लिथियम बॅटरीस कधीही लावू नये. जुन्या गाडीत अधिक शक्तीसाठी लिथियम सेल बसवून जुनाच चार्जर वापरणे हे आगीचे नेमके कारण ठरू शकते.
• फुगलेली, दबलेली किंवा टोचली गेलेली लिथियम बॅटरी वापरू नये, दाबू नये व भोक पाडून 'हवा काढू' नये.
• खेळून आल्यावर बॅटरी थंड झाल्यावरच भारित करावी. त्या वेळी ती फरशी वा मातीच्या भांड्यासारख्या न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी आणि मोठ्या व्यक्तीने जवळ थांबावे. अंथरुणावर किंवा रात्रभर भारित करणे टाळावे.
• बॅटरीचा जोड बदलताना दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत. कात्रीच्या पात्यामुळे लघुपरिपथन होते. सेलवर थेट डाग देऊ नये.

भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू असून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आवश्यक आहे. विद्युत खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. दुरुस्तीनंतर, विशेषतः बॅटरीचा प्रकार बदलल्यास, खेळणे मूळ चाचणीच्या स्थितीत राहत नाही. ते लहान मुलांकडे देताना हे ध्यानात घ्यावे लागते.

जुन्या भागांचा वापर व विल्हेवाट

दुरुस्त न होणाऱ्या गाडीतील मोटर, गियर, स्क्रू, चाके, स्प्रिंग व तारा दुसऱ्या गाडीसाठी किंवा शालेय विज्ञान प्रकल्पासाठी काढून ठेवता येतात. एकाच नमुन्याच्या दोन बंद गाड्यांपासून एक चालू गाडी तयार करणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती मानली जाते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या अन्य कचऱ्यापासून वेगळ्या द्याव्या लागतात. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये विद्युत खेळण्यांचा समावेश आहे. लिथियम बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती संकलनासाठी द्यावी. ती उकिरड्यात टाकणे किंवा कचऱ्याबरोबर जाळणे धोकादायक असते.