रसमड्याचा मारिओ हळू का धावत होता?



व्हिडिओ गेमचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण सरळ जपान गाठतो. १५ जुलै १९८३ ला निंटेंडोनं फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं तो घडवला होता. १९८५ मध्ये तेच यंत्र नवं खोकं चढवून एनईएस नावानं अमेरिकेत गेलं आणि त्याच वर्षी १३ सप्टेंबरला जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला. हे सगळं खरं. पण रसमड्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकताना दुसऱ्याच्या घरच्या लग्नाचा अल्बम बघतोय असं वाटतं. चेहरे सुंदर, कपडे छान, पण आपण कुठे आहोत यात?

म्हणून आजचा भाग आपल्या बाजूनं.

रसमडा कुठे, असं पुण्या-कोल्हापूरचे प्रेक्षक विचारतीलच. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी राजनांदगाव सोडते, तेव्हा दुर्ग यायच्या आधी एक छोटं स्टेशन लागतं. एक्स्प्रेस तिथे थांबत नाही. एका बाजूला बोरईचं औद्योगिक क्षेत्र, लोखंड-पोलादाचे कारखाने. पुढे शिवनाथ नदी, मग दुर्ग आणि त्याला चिकटून भिलाई. आम्ही वाढलो तेव्हा हा मध्यप्रदेशच होता. छत्तीसगड झालं १ नोव्हेंबर २००० ला. मराठी माणूस इथे कसा, तर त्याचं उत्तर नागपूरकर भोसल्यांपासून सुरू होतं. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे कचेरी, शाळा, रेल्वे यांबरोबर कुटुंबं येत राहिली. मग १९५५ चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन, आणि भिलाईत देशभरातून माणसं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि गेमवर भांडण झालं तर तिन्ही.

आता त्या रेल्वेमार्गाकडे नीट बघा. एका टोकाला मुंबई, तिथे मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोड. दुसऱ्या टोकाला कोलकाता, तिथे खिदिरपूरचं फॅन्सी मार्केट. परदेशी वस्तूंसाठी गाजलेले हे बाजार, आणि आपलं स्टेशन त्यांच्या मधल्या रुळावर. आमच्या भागातले मामा-काका नागपूरला, सीताबर्डीवर गेले की काहीतरी घेऊन यायचे. त्या 'काहीतरी'त एक दिवस व्हिडिओ गेम आला.

तो फॅमिकॉम नव्हता. निंटेंडोचं नाव असलेलं खोकं आमच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. आमच्याकडे आलं ते तैवान-चीनच्या सुट्या भागांतून जुळवलेलं, फॅमिकॉमची नक्कल करणारं यंत्र. भारतात मीडिया, लिटल मास्टर, समुराई अशी नावं लोकांच्या लक्षात आहेत. खोक्यावर कधी विमान, कधी दाढीवाला सैनिक. आत मात्र सगळ्यांचं काळीज एकच.

या काळजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आजची गोष्ट त्यातच आहे. मूळ फॅमिकॉममध्ये मुख्य चिपा दोन: एक हिशेब आणि आवाज सांभाळणारी, दुसरी चित्र काढणारी. कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. तैवानच्या यूएमसी या कंपनीनं या दोन्ही चिपांच्या नकला काढल्या. पुढे सगळं एकाच चिपेत मावलं आणि ती चिप हिरव्या पट्टीवर काळ्या डांबराच्या थेंबाखाली झाकली जाऊ लागली. जुना गेम उघडून 'आत तर काहीच नाही' म्हणून निराश झालेली मुलं इथे बरीच असतील. त्या थेंबाखालीच सगळं होतं.

पण जपानी टीव्ही आणि आपला टीव्ही एक नव्हते. जपान, अमेरिका एनटीएससी पद्धतीवर, सेकंदाला ६० चित्रं. भारत पाल पद्धतीवर, ५०. मारिओसारख्या खेळांचं सगळं वेळापत्रक चित्रांच्या मोजणीवर बांधलेलं असतं: एक चित्र पुढे गेलं की मारिओ इतका सरकणार, गाण्याचा पुढचा सूर इतक्या चित्रांनी वाजणार. मग ६० च्या जागी ५० चित्रं मिळाली तर? सगळा खेळ सुमारे एक षष्ठांश मंदावतो. नक्कल करणाऱ्यांनी पालसाठी वेगळ्या चिपा केल्या, त्यात प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळ ठेवला. त्यामुळे सुरांची पट्टी जवळपास तीच राहिली, ताल मात्र संथ झाला. युरोपात निंटेंडोनं स्वतः जे पाल यंत्र विकलं, त्यात प्रोसेसरचा वेगही कमी होता, म्हणून तिथे सूरही थोडे उतरायचे. म्हणजे आमचा मारिओ जपानीही नव्हता आणि जर्मनही नव्हता.

आज कुणी मोबाइलवर मूळ जपानी वेगाचा मारिओ लावून देतं आणि आपण म्हणतो, 'हा फारच पळतोय, आता वय झालं.' वयाचा भाग असेलही! पण आपण शिकलो तो खेळ खरोखर हळू होता. उडीचा अंदाज बोटांत बसलाय तो ५० चा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एरवी 'आमच्या काळी सगळं निवांत होतं' हे म्हाताऱ्यांचं वाक्य. इथे ते मोजून दाखवता येतं.

आता कॅसेट. कार्ट्रिज हा शब्द आम्ही फार उशिरा ऐकला, कॅसेटच. तिच्यावर लिहिलेलं '९९९९९९ इन १'. तुम्ही हसाल, पण तो आकडा खरा मानून आम्ही वही घेऊन मोजायला बसलो होतो. यादी पुढे सरकवली की कळायचं, वीसेक खेळ आहेत आणि तेच वेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतात. एका ठिकाणी मारिओ पहिल्या स्टेजपासून, दुसरीकडे थेट चौथ्यापासून. हे करणं सोपं होतं. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा. आज व्हॉट्सॲपवरचा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. एका चिपेत असे बरेच खेळ ठेवायचे, यंत्राला एका वेळी त्यातला एकच तुकडा दाखवायचा, आणि सुरुवातीचा एखादा आकडा बदलला की 'नवा' खेळ तयार.

याच कॅसेटीत आणखी एक काम झालेलं असे. सुरुवातीच्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल बऱ्याचदा पुसलेलं. त्यामुळे काँट्रा कोनामीचा आहे, हे आमच्या पिढीला इंटरनेट आल्यावर कळलं. सिनेमाचा दिग्दर्शक ठाऊक, गाण्याचा संगीतकार ठाऊक, पण ज्या खेळावर सुट्ट्याच्या सुट्ट्या गेल्या तो कुणीतरी बसून बनवला असेल, हा विचारच शिवला नाही. खेळ झाडाला लागतात अशीच समजूत. भारतात कन्सोलसाठी खेळ बनायला फार उशीर झाला, हैदराबादच्या मंडळींचा 'हनुमान: बॉय वॉरियर' प्लेस्टेशन २ वर यायला २००९ उजाडलं. त्याची कारणं पैशांत आणि बाजारात आहेतच, पण हे पुसलेलं नावही मला त्यात दिसतं.

'चोरीचा माल' म्हणून हा विषय काही जण मिटवतात. कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. खेळांचा कॉपीराइट कोनामीचा, निंटेंडोचा, आणि त्यांना आमच्या कॅसेटीतून दमडी गेली नाही. पण विकत घ्यायला अस्सल होतं कुठे? आयात शुल्क जबर. १९९५ मध्ये सेगाची यंत्रं भारतात आणली ती शॉ वॉलेसनं, हो, तीच दारूवाली कंपनी. मेगा ड्राइव्हची किंमत अठरा हजार रुपये सांगितली जाते. १९९५ चे अठरा हजार! आमच्याकडे त्यात मोटारसायकलचा विचार झाला असता. नकलेनं अस्सलाचा धंदा बुडवला असं म्हणायला आधी तो धंदा इथे असायला हवा होता.

फुंकर मारण्याचं काय, हा प्रश्न येणारच. फुंकरीनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिचे दात जागेवर बसायचे, त्यानं गेम चालायचा. तोंडातली वाफ उलट त्या दातांना गंज आणायची. खोडरबर घासणारी मुलं जास्त शहाणी होती, त्यानं दातांवरचा थर खरोखर निघतो. आणि वडील मंडळींचं 'गेमनं पिक्चर ट्यूब उडते' हे? एकच चित्र तासन् तास गोठून राहिलं तर पडद्यावर डाग पडू शकतो, इतकंच. पण बातम्यांच्या वेळी टीव्ही मोकळा करून घ्यायला हे शास्त्र पुरेसं होतं.

बंदूकही तशीच. डक हंटची बंदूक पडद्यावर काही सोडत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा उजेड दिसला का ते सांगतो. हे जमतं ते जुन्या काचेच्या टीव्हीवर, कारण तो क्षणात रेखतो. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो, म्हणून जुनी बंदूक सापडली तरी बदक मरत नाही. नेम चुकत नाही तुमचा.

आता भिलाईकरांसाठी एक गंमत. ज्या सोव्हिएत देशानं आपला कारखाना उभारायला हात दिला, तिथली मुलंही हेच खेळत होती. १९८४ मध्ये त्यांनी हातात धरायचा 'नु, पोगदी!' हा खेळ काढला: लांडगा, टोपली, गडगडत येणारी अंडी. ती निंटेंडोच्याच खेळाची नक्कल होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९२ अखेर, रशियात 'डेंडी' आला. तोही तैवानी भागांचा, फॅमिकॉमचीच नक्कल, ५० चित्रांचा. चीनमध्ये 'सुबोर' होता. म्हणजे भिलाईचा सेक्टर, मॉस्कोची चाळवजा इमारत आणि चीनमधलं एखादं घर, तिन्हीकडे नकलेच्या पोटातून तोच मारिओ धावत होता. टोकियो-न्यूयॉर्कच्या इतिहासात ही मुलं ग्राहक म्हणून मोजलेली नाहीत, पण हा खेळ आपल्या लहानपणाचा आहे असं मानणाऱ्यांत ती फार मोठ्या संख्येनं आहेत.

सगळीच मुलं मात्र खेळत नव्हती. आठवणींच्या गप्पांत हे बाजूला पडतं. टाऊनशिपच्या क्वार्टरमध्ये घरचा टीव्ही आणि गेम असायचा. रसमड्यात गल्लीत एखादाच. बाकीचे दाराशी उभे राहून बघायचे किंवा तासाच्या भाड्यानं दुकानात खेळायचे. आणि मुली? मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला स्टार्ट-सिलेक्टची बटणंच नव्हती, कित्येक नकलांतही तेच. बहिणीच्या हाती कायम तो दुसरा. खेळ सुरू करणं, थांबवणं दादाच्या हातात. काँट्रातली धबधब्याची स्टेज आठवा: एक वर चढत गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. माझी ताई अजून म्हणते, 'तू मला थांबलाच नाहीस कधी.' तिला काँट्रा आवडत नाही याचं कारण आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

काँट्रावरून आठवलं, तीस लाइफची ती किल्ली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो यांनी ती आधी १९८६ च्या ग्रॅडियससाठी केली होती, खेळ तपासताना तो फार अवघड जात होता म्हणून. २०२० मध्ये ते वारले. आमच्याकडे गेमचं मासिक येत नव्हतं, पुस्तिका मिळत नव्हती. ती किल्ली सुट्टीत आलेल्या नागपूरच्या आतेभावाबरोबर आली आणि भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरली.

ते मागचं पान आता नाही. यंत्रंही नाहीत, घर बदलताना, रंगकामाच्या वेळी ती भंगारवाल्याला गेली. निंटेंडोनं फॅमिकॉम बनवणं २००३ मध्ये थांबवलं. त्याची अस्सल यंत्रं संग्राहक जपून ठेवतात, चढ्या भावानं विकतात. आपल्या नकलांना तो भाव नाही. कोणत्या साली कुठल्या शहरात जुळणी झाली, पाल चिप कोणती, खोक्यावर विक्रेता कोण, कॅसेटीत नेमके कोणते खेळ आणि त्यांत काय फेरफार, हे सांगणारी नोंद खोक्यावर आणि आतल्या हिरव्या पट्टीवरच आहे.

तेव्हा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावर बघा. सापडला तर अडॅप्टर लावायची घाई करू नका, जुना अडॅप्टर जास्त दाब देऊ शकतो आणि चिप जळू शकते. आधी खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग खालचे स्क्रू उघडून पट्टीचा फोटो, त्यावर छापलेली अक्षरं आणि आकडे वाचता येतील असा. कॅसेट असेल तर तिची पूर्ण यादी लिहून काढा, दोनदा आलेल्या नावांसकट. आणि घरात कोण पहिला कंट्रोलर घ्यायचं, तेही लिहा.